पहिला हात तांड्याचा

नायका,

काल पौषातली अमावास्या झाली. झऱ्याच्या तोंडात हात घालायला तू नव्हतास, म्हणून तुझ्या पोरीने, कविताने घातला. तिने हाक काय दिली ते सांगतो, पण जरा दमानं घे. कुठलीही गोष्ट रंगात आली की तू एसटीतली घंटीची दोरी ओढल्यासारखा हात करायचास आणि म्हणायचास, "बाकीचं पुढच्या स्टॉपवर." आज माझी पाळी आहे.

तुझ्या तेराव्याला उमरखेडच्या डेपोतली तुझी जुनी मंडळी आली होती. त्यातल्या एका ड्रायव्हरने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, राठोड दरसाली पौषात सुट्टी टाकत अन् म्हणत, गावात माह्या हाताचं काम हाये. कायचं काम होतं थे?" मी सांगायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला वाटलं, आता तू मागून टपकशील आणि म्हणशील, पाटील, चुकला तू. कोणी टपकलं नाही. मी सगळं माझ्या मनासारखं सांगितलं आणि मला त्यात काडीची मजा आली नाही.

त्याला सांगितलं ते असं. आमची मोहझरी टेकडीच्या पायथ्याशी, आणि तिला लागूनच बंजाऱ्यांचा तांडा. वर माळावर जुनी मोहझरी. तिथे आता कोणी राहत नाही. तलाठ्याच्या कागदात तिला रीठ म्हणतात आणि पुढे शब्द असतो, बेचिराग. म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते गाव. घरांची जोती आहेत, देव नसलेलं हेमाडपंती देऊळ आहे, पायऱ्यांची एक बारव आहे. वर्षातून एकदा, या अमावास्येला, खालच्या प्रत्येक घरातून एक दिवा वर जातो आणि आपापल्या जुन्या जोत्यावर ठेवला जातो. कोणतं जोतं कोणाचं हे घरोघर ठाऊक असतं. दिवा ठेवायचा आणि मागे न पाहता उतरायचं. पण त्याआधी सगळे पायथ्याच्या झऱ्यापाशी जमतात. तिथे खडकाला एक भोक आहे. तांड्यातला एक माणूस खांद्यापर्यंत हात आत घालतो, तळ चाचपतो आणि ओरडतो, "पाणी छ!" पाणी आहे. मग गाव "चाला" म्हणतं आणि दिवे निघतात. ती हाक आल्याशिवाय एकही दिवा हलत नाही. पहिला हात तांड्याचा, असं आमच्याकडे म्हणतात.

ड्रायव्हर म्हणाला, "अन् पाणी नसलं तं?"

तसं कधी झालं नाही, असं मी त्याला सांगितलं. तुझ्या फोटोसमोर बसून सांगितलं.

आपलं भांडण जिल्हा परिषदेच्या शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासूनचं. मी म्हणायचो, गाव आमचं, यादवांच्या काळापासूनचं. तुम्ही कैक पिढ्यांनी आलात, मोगलांच्या फौजेमागून, बैलांवर धान्य लादून. तू म्हणायचास, "वरचं गाव तुमचं, कबूल. पण खालचं? खाली कोणं आणलं तुमाले?" मी म्हणायचो, पायांनी आणलं. तू म्हणायचास, "अन् पायाले वाट कोणं दाखवली?" गुरुजी दोघांनाही वर्गाबाहेर काढायचे आणि आपण बाहेर उभं राहून तेच पुढे चालू ठेवायचो. तेव्हापासून मी तुझा पाटील आणि तू माझा नाईक. खरं तर ना माझ्याकडे पाटीलकी होती, ना तुझ्याकडे तांड्याची नाईकी. पण नावं चिकटली ती चिकटलीच.

गावात सांगतात ती गोष्ट देवीची. वरच्या गावावर देवी रुसली, एका रात्रीत गाव उठलं, एका बाईने पदराआड दिवा धरला आणि तो जिथे विझला तिथे, झऱ्यापाशी, नवं गाव बसलं. तुला या गोष्टीचं हसू यायचं. "दिवा इझला तिथं कोणी गाव वसवते का बे? लोकं तं अपशकुन समजून पुढं पळतीन." मग तू तुझा हुकमाचा पत्ता काढायचास, ती हाक. भर पारावर विचारायचास, "कुणब्याच्या पूजेत आमची गोरबोली काहून?" मी सांगायचो, तुझ्या आज्याला मराठी येत नव्हती म्हणून. सगळे हसायचे, तूही हसायचास, पण विषय काही सोडायचा नाहीस.

तुझं म्हणणं असं की ही पूजा नव्हेच, ही तांड्याची कामाची रीत आहे. लादलेले बैल घेऊन चालणारा तांडा मुक्कामाला थांबण्याआधी एक जण पुढे जाऊन झरा चाचपणार. 'पाणी छ' म्हटलं की गोण्या उतरवायच्या. 'पाणी छेनी', पाणी नाही, असं म्हटलं की ओझं तसंच ठेवून पुढे चालू पडायचं. "थांबा का निघा, येवढंच सांगते थे हाक," तू म्हणायचास. "वरचे तुमचे लोकं पाण्याविना मरून राह्यलते. आमचा तांडा खालून जाऊन राह्यलता. आमच्या मानसानं हात घातला अन् तुमचं गाव बसलं." मला ते पटायचं नाही. पटवून घ्यायचंही नव्हतं. देवीची गोष्ट मला आईने सांगितलेली, आणि आईच्या गोष्टीला एका कंडक्टरने पंक्चर करावं हे मला सहन होत नव्हतं.

आईचं निघालं म्हणून सांगतो. ती अंथरुणाला खिळली त्या वर्षी तिची औषधं उमरखेडहून तू आणायचास. फाट्यावर गाडी थांबली की माझ्या हातात पुडकं द्यायचास आणि मी काही बोलायच्या आत घंटी मारायचास. एकदा ड्यूटी संपवून घरी आलास आणि तिच्या उशाशी बसलास. तिने तुला ती देवीची गोष्ट सांगितली, पदराआडच्या दिव्यासकट. तू एकदाही मध्ये तोंड घातलं नाहीस. उलट विचारलंस, "माय, दिवा कोण्या हातात धरला होता तिनं?" आई किती खूश झाली होती. मी दारात उभा राहून हे पाहिलं, आणि त्यावर तुझ्याशी कधी एक शब्द बोललो नाही. आज बोलतो. तू मोठ्या मनाचा माणूस होतास, गुलाब. माझ्या आईपुढे तू हरलास, आणि मी मात्र तुला पुढे कितीतरी वर्षं जिंकू दिलं नाही.

मग ती बारव. तू रिटायर झालास त्या उन्हाळ्यात आपण दोघं कोयते घेऊन वर गेलो आणि तिच्यातली झुडपं तोडत खाली उतरलो. वरच्या पायऱ्या काय सुंदर होत्या! घडीव दगड, कोपरे अजून धारदार, सांध्यात पातं शिरणार नाही. मध्ये दिव्यासाठी कोनाडा. मी छाती फुगवून तुला म्हटलं, "पाह्य, हे आमचं काम." तू उतरत राहिलास. खाली दगड खडबडीत होत गेला. पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या झाल्या, कोणी घाईघाईत बसवल्यासारख्या. आणखी खाली एका पायरीच्या कडेला नक्षी दिसली. तू बोटांनी माती काढलीस. देवळाच्या दगडाचा तुकडा होता, नक्षीची बाजू भिंतीकडे करून पायरी म्हणून लावलेला. त्याच्या खाली दगडच नव्हते. मुरुमात खणलेल्या पाय ठेवण्यापुरत्या खोबणी होत्या, आणि तळाला एक माणूस बसेल एवढा खड्डा. ठणठणीत कोरडा.

तू त्या खड्ड्याच्या काठावर बसलास. म्हणालास, "पाटील, देवी नाही रुसली. हे लोकं पाण्याच्या मागं मागं उतरत गेले." मग म्हणालास, "अन् देवळाचा दगड काढून पायरी केली. म्हंजे देवालेबी इचारून झालतं."

मी म्हटलं, देऊळ आधीच पडलं असेल, पडलेला दगड कोणीही उचलेल. तू म्हणालास, "असंन." जन्मात पहिल्यांदा तू माझ्याशी वाद घातला नाहीस, आणि मला तिथे, भर उन्हात, भीती वाटली.

वर येऊन माळाच्या कडेला उभे राहिलो तेव्हा खाली सगळा शिवार दिसत होता. पऱ्हाटीची रिकामी वावरं, आणि प्रत्येक वावरात बोअरचं निळं तोंड. माझं सगळ्यांत नवं. आधीचं आटलं म्हणून त्याच्याही खोल मारलेलं. तुझं माझ्याही आधीचं, तुझंही दुसरंच. तू बोट दाखवलंस. "आपल्याबी ह्या पायऱ्याच हायेत. दिसत नाहीत, येवढंच." मी तुला म्हटलं की रिटायर झाल्यापासून तुझं डोकं फिरलं आहे, चार दिवस पोरीकडे आर्णीला जाऊन राहा. तू हसलास. पण त्यानंतर तू रोज सकाळी झऱ्यावर जायला लागलास. झऱ्याचं पाणी कोणी पीत नाही, नळ आहे, टाकी आहे. तिथे फक्त शेळ्या जातात. शेळ्या आणि तू. मी तुला शेळ्यांचा नाईक म्हणायला लागलो.

आता मागच्या सालच्या अमावास्येचं. मी तुझ्या शेजारीच दिवा घेऊन उभा होतो. तू हात घातलास आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तसाच राहिलास, गाल दगडाला लावून. बायका कुजबुजायला लागल्या. मग तू हात काढलास आणि तुझ्या त्या कंडक्टरच्या आवाजात, मागच्या सीटवरच्या झोपलेल्या माणसाला उठवावं तसा ओरडलास, "पाणी छ!" गाव म्हणालं, चाला. दिवे निघाले. चढणीवर तू माझ्या बरोबरीला आलास आणि माझं मनगट धरलंस. तुझा तळवा कोरडा होता. मी दिवा जवळ नेला. बोटांना, नखांत, पांढरी भुकटी.

माझ्या जोत्याशी आपण हळू आवाजात भांडलो, लोकांना वाटलं असेल काही पूजेचं चाललं आहे.

"मी खोटं बोललो, पाटील."

"बरं केलं. लेकरंबाळं दिवे घेऊन उभी हायेत, सण कायले नासवतो?"

"सण नाही हा. कितीदा सांगू तुले?"

"छेनी म्हटलं असतं तं काय झालं असतं? लोकं हसले असते."

"हसले असते तं बरं झालं असतं." तू खाली गावाकडे पाहिलंस, पाहू नये असं असताना. "पुढच्या साली हाताले जे लागंन थेच सांगीन. भरला तं भरला सांगीन."

"भरंल ना. पाऊस पडंल अन् भरंल."

आणि पडला की पाऊस! तो वाद मी जिंकलो असं मला श्रावणात वाटलं. झरा भोकातून बाहेर वाहत होता, तू लहान पोरासारखा त्यात पाय बुडवून बसला होतास, आणि मी येता-जाता विचारत होतो, "काय नायका, थांबा का निघा?" तू म्हणायचास, "थांबा, थांबा." दसऱ्यापर्यंत वाहणं थांबलं. मग मी विचारणं बंद केलं आणि तू सांगणं. बोंडं फुटली, वेचणी सुरू झाली, बाया मिळेनात, प्रत्येकाला आपापल्या कापसाचं पडलं होतं. माझ्या बोअरने एका सकाळी पाण्याऐवजी नुसती गार हवा फेकली. थोड्या वेळाने पाणी आलं. ते मी तुला सांगितलं नाही. तू लगेच पारावर जाऊन बसला असतास.

कार्तिकात तू गेलास. शेळ्या घेऊन गेलेल्या बायकांनी तुला पाहिलं, झऱ्यापाशी, खडकाला पाठ टेकून बसलेला. त्यांना वाटलं डुलकी लागली आहे. डॉक्टरने हृदयाचं सांगितलं. मी पोचलो तेव्हा तुझ्या सदऱ्याची उजवी बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली होती. सगळे रडत होते आणि मी, लाज वाटते सांगायला, तुझा तळहात उलटा करून पाहत होतो. तोवर बायकांनी तुझ्या तोंडावर पाणी मारलेलं, हातापायांना चोळलेलं. त्यावरून काही कळण्यासारखं राहिलं नव्हतं. तुला शेवटी हाताला काय लागलं, नायका? एवढं तरी सांगून जायचं होतंस.

परवा कविता आली. आर्णीच्या दवाखान्यातून सुट्टी काढून, नर्सच्या गणवेशातच. हात घालायचा मान तिने घ्यावा असं तांड्यात ठरलं होतं. पोरीचा हात कसा चालेल, असं काही म्हातारे कुरकुरले म्हणे. तांड्यातल्या बायांनी त्यांना गप्प केलं. ती माझ्या ओसरीवर बसली, चहा तसाच ठेवला.

"काका, बापू मले काही सांगून गेला नाही. तुमाले काही म्हणला का?"

"काय म्हणंल?"

"मी सकाळी जाऊन पाह्यलं नाही मुद्दाम. पण हात घातला अन् काहीच नसलं तं? काय ओरडू?"

माझ्या ओठांवर आलं होतं, ओरड नेहमीचंच, तुझा बाप तेच ओरडला होता. आत माझी सून नातवाला भरवत होती. अंगणात नवीन मोटरचा पाइप गुंडाळून पडला होता, कारण पुन्हा खोल जायचं आम्ही ठरवलं होतं. मला तुझा भयंकर राग आला. स्वतः मोकळा झालास आणि हे माझ्या दारात आणून ठेवलंस. तिला म्हटलं, "हाताले जे लागंन थेच सांग, बाई. तुझ्या बापाचं तेच ठरलं होतं." तिने मान हलवली, गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला आणि गेली.

काल दिवेलागणीच्या आधी सगळे जमलो. पोरांनी मोबाइल वर धरले होते. वाजंत्री होती. कविताने घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, बाही वर केली आणि तुझ्यासारखाच गाल दगडाला लावला. वाजंत्री थांबली. मला वाटतं, त्या पोरीने तळाचा खडा न् खडा चाचपला. एकदा हात काढून पुन्हा घातला. मग उभी राहिली, हाताकडे पाहिलं, गावाकडे तोंड केलं. आवाज तुझाच होता, फक्त बारीक.

"पाणी छेनी."

ही हाक आमच्यापैकी कोणी कधी ऐकलेली नव्हती, आणि अर्थ कोणाला विचारावा लागला नाही. लोक हसतील असं मी तुला म्हटलं होतं. कोणी हसलं नाही. तो वाद तू जिंकलास. दिवे हातात जळत होते आणि पुढे काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पोरांनी मोबाइल खाली घेतले.

मग तुळसाबाई वळली. आमच्या गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, हल्ली नावंसुद्धा विसरते. ती काठी टेकत घरी गेली आणि तिने दिवा आपल्या उंबऱ्यावर ठेवला, ज्योत रस्त्याकडे करून. कोणी शिकवलं तिला? विचारलं तर म्हणाली, असंच असते. तिच्यामागून शेजारीण गेली, मग तिच्या शेजारची. मीही गेलो. थोड्या वेळात गावातल्या प्रत्येक दारात दिवा होता आणि प्रत्येक दिव्याचं तोंड बाहेर जाणाऱ्या रस्त्याकडे होतं. वर माळावर पहिल्यांदा काहीच नव्हतं, सगळा अंधार.

दिवे ठेवून लोक परत रस्त्यावर आले. आपणहून, न ठरवता. सगळे उभे राहिले आणि सगळे एकाच दिशेला पाहायला लागले. तांड्याकडे. मीसुद्धा. आणि तांड्यातली माणसं आपल्या स्लॅबच्या घरांपुढे, ट्रॅक्टरांशेजारी, रिकाम्या हातांनी उभी राहून आमच्याकडे पाहत होती. कविता माझ्याजवळ आली. मी तिचं घड्याळ परत दिलं. तिने ते हातात घातलं नाही, मुठीत धरून ठेवलं.

"काका, आता पुढं काय असते?"

तिला नाही, तुला सांगतो. कबूल, नायका, सगळं कबूल. खाली आम्हाला तुम्हीच आणलं. पण तेव्हा तुमच्याकडे बैल होते, आणि पुढे कुठेतरी पाणी होतं.